करवून घेणे आणि करणे

मराठीच्या व्याकरणात प्रयोजक क्रियापद नावाचे एक प्रकरण आहे. 'मूल चालते' हे साधे वाक्य. 'आई मुलाला चालवते' हे प्रयोजक. पाय हलतात ते मुलाचेच, पण वाक्याची कर्ती आई होऊन बसते. हे शिकवताना वर्गातली मुले जांभया देतात, आणि त्यांना दोष देववत नाही. या कोरड्या प्रकरणाचा रसाळ भाग मला सापडला तो एका भौतिकोपचार केंद्राच्या बाकावर. माझा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना, फळ्यावर लिहिणे बंद झाले, म्हणून दोन महिने तिथे खेटे घालावे लागले. खांदा सुटला. पण त्या बाकावर बसून जे पाहिले, ते दिवाळीच्या फराळासोबत वाचण्यासारखे आहे असे वाटल्यावरून हा लेख.

'भौतिकोपचार' हा सरकारी परिभाषेतला शब्द. शहरातली माणसे फिजिओथेरपी म्हणतात, आणि आमच्या अलिबाग-रेवदंडा-मुरुड पट्ट्यातली पुष्कळ मंडळी 'मालिशवाल्या बाई' एवढ्यावर काम भागवतात. या शेवटच्या शब्दाचा त्या बाईंना किती राग येतो, ते मी पाहिले आहे. आणि तो राग रास्त आहे. मालिश करून घेणारा आडवा पडून राहतो. भौतिकोपचारात आडवे पडून राहण्याची सोय नाही. सांधा किती वाकतो, कुठला स्नायू दुबळा आहे, कुठला आखडला आहे, तोल कशाने जातो, श्वास किती खोल जातो, हे मोजायचे आणि मग त्या माणसाला रोजच्या आयुष्यात जे करायचे आहे ते करता येईल असे शरीर घडवायचे, असा हा व्यवहार आहे. कुणाला जात्यावर बसायचे असते, कुणाला एस.टी.त चढायचे असते, कुणाला नुसते उशीवरून डोके उचलायचे असते.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आपल्या आळीतले एखादे काका आठवतील. चालताना दर पावलाला एका हाताने मांडी दाबून धरणारे. लहानपणच्या पोलिओने मांडीचा स्नायू दुबळा झालेला असे, आणि पायावर भार येताच गुडघा मुडपू नये म्हणून हाताने आधार द्यायचा, ही युक्ती बहुतेकांनी आपली आपणच शोधून काढलेली असे. त्या काळी शिकवायला होते कोण? मुंबईच्या फातेमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला, तेव्हा या बाईंना उपचारासाठी दूरदूर हिंडावे लागले. त्या हिंडण्यातून त्यांना कळले की औषधापेक्षा व्यायामाची गरज मोठी आहे आणि तो शिकवणारे कुठे नाहीत. १९४७ साली डॉ. बाळिगांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र काढले. पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले, के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भौतिकोपचाराची शाळा निघाली, १९५५ साली हाजीअलीलाच अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आली. फातेमा इस्माइल यांना १९५८ साली पद्मश्री मिळाली. एका आईच्या वणवणीतून एवढे उभे राहिले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हे मला न सुटलेले कोडे आहे.

पोलिओ आता गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. मग भौतिकोपचाराचे मुलांमधले काम संपले म्हणावे, तर ते वाढलेच. जी बाळे पूर्वी जगत नसत ती आता जगतात. दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मताना श्वास कोंडलेली, त्यांच्यापैकी काहींना सेरेब्रल पाल्सी होते, म्हणजे मेंदूच्या हालचालीच्या भागाला जन्माच्या आगेमागे इजा होऊन स्नायू ताठर राहतात. रक्त न गोठणारे हिमोफिलियाचे मुलगे फॅक्टरच्या इंजेक्शनांमुळे मोठे होऊ लागले. स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन डिस्ट्रॉफीत मुलगा विशी गाठत नसे. आता श्वासाच्या यंत्राची मदत वेळेवर मिळाली तर तिशीही पाहतो. ही सगळी मुले मोठी होतात, त्यांना मिसरूड फुटते, त्यांना मते असतात, आणि आपल्या सगळ्या व्यवस्था मात्र त्यांना बाळ समजून उभ्या केलेल्या असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचेच पाहा. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेली ही योजना चांगली आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा वैद्यकीय पथक येते, दोष असलेले मूल हेरते आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते. तिथे भौतिकोपचाराची तरतूद आहे. पण ही सोय जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले मोफत शिक्षणही सहा ते अठरा वर्षांचे. अठरानंतर कायदा उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखून ठेवतो. उत्तम! पण त्या राखीव जागेपर्यंत चालत जायचे कसे, जिना चढायचा कसा, दिवसभर बसायचे कसे, हे कायद्याने सांगावे अशी अपेक्षाच नाही. ते सांगणारे माणूस जर कुणी असेल, तर ती 'मालिशवाली बाई'. डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा भेटतो. ती आठवड्याला भेटते, आणि वर्षानुवर्षे भेटते. मुलगा मोठा होतो आहे हे कुणाच्या आधी तिच्या टेपला कळते.

आणि मोठे होणे हेच या दुखण्यात संकट असते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, जन्मताना होती तेवढीच राहते. शरीर मात्र वाढते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाडे भराभर लांबतात आणि ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे गुडघे आणि खुबे वाकू लागतात. वजन वाढलेले, पाय वाकलेले. लहानपणी धडपडत का होईना चालणारे मूल नेमके मिसरूड फुटताना चालेनासे होते. कॅनडातल्या रोझेनबाऊम या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन २००२ साली दाखवले, की अशी मुले हालचालीत जेवढे शिकतात त्यातले बहुतेक पहिल्या पाच-सहा वर्षांतच शिकतात. म्हणजे त्यानंतरची सारी मेहनत मिळवलेले टिकवण्यासाठी. आणखी एक गोष्ट हल्लीच्या अभ्यासकांनी सांगितली, ती आयांना कडू वाटेल. दुसऱ्याने नुसते हाताने ओढून दिलेल्या ताणाचा उपयोग पूर्वी समजत तेवढा नाही. ज्याचे पाय त्याने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या कामासाठी, पुनःपुन्हा हलवले तर उपयोग अधिक.

इथे मी एका मुलाची हकीकत सांगणार आहे. नाव आणि गाव सांगत नाही. समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर घर आहे, वाडी आहे, एवढे पुरे. तो माझा विद्यार्थी, आणि ही हकीकत लिहायला परवानगी त्याची आहे. परवानगी आईकडे मागितली असती तर त्याला राग आला असता, हे आता मला ठाऊक आहे.

तो २००६ चा. दोन महिने आधी जन्मला. दीड वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात निदान झाले. तेव्हापासून आईच्या फेऱ्या सुरू झाल्या. उघडीप असेतो मांडव्याहून लाँचने, आणि पावसाळ्यात लाँच बंद झाली की एस.टी.ने वडखळ-पनवेलवरून, कडेवर मूल घेऊन. रुग्णालयात शिकवलेले व्यायाम ती रोज पहाटे साडेपाचला घरी करवून घेई. पाऊण तास, एकही दिवस न चुकता, गौरी-गणपतीतसुद्धा. मूल सहाव्या वर्षी चौकट धरून उभे राहिले, नवव्या वर्षी दोन काठ्यांवर चालू लागले. गावात तिचे नाव झाले ते त्यामुळे, आणि झालेच पाहिजे.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये टाळेबंदी, गाड्या बंद, रुग्णालये भलत्याच कामात. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. नारळ मुळासकट उपटले, सुपाऱ्या मधोमध मोडल्या, वीस-वीस वर्षांच्या वाड्या तीन-चार तासांत आडव्या झाल्या. या मुलाच्या वडिलांनी पडलेल्या सुपारीतली दोन सरळ खोडे निवडली, तासून गुळगुळीत केली आणि मागच्या अंगणात फाटेदार खुंटांवर कमरेइतक्या उंचीवर आडवी बसवली. मध्ये उभे राहून दोन्ही हातांनी धरून चालायचे. मुंबईच्या रुग्णालयातल्या चकचकीत दांड्या त्यांनी एकदाच पाहिल्या होत्या. वाडीतले उत्पन्न त्या वर्षी बुडाले होते. पण या दांड्या घरच्याच होत्या, पैसा पडला नाही. हा माणूस फारसे बोलत नाही, आणि आपण काही केले असे त्याला वाटतही नाही.

दांड्या झाल्या, पण मुलगा तेव्हा चौदाचा. दीड वर्षात चार इंच वाढला. गुडघे वाकले, चाल खालावली. २०२२ ला दहावी झाल्यावर मांडीमागचे आखडलेले स्नायू सैल करण्याची शस्त्रक्रिया झाली. प्लास्टर, मग पट्टे, मग पुन्हा पहिल्यापासून. २०२४ च्या जूनमध्ये तो आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आला. आईही आली. ती रोज त्याच्याबरोबर एस.टी.ने येई, त्याचा वर्ग तळमजल्यावर आणून ठेवला होता तिथे त्याला बसवी आणि व्हरांड्यात भाजी निवडत बसे. मुले तिला काकू म्हणत. 'पुढे काय करायचे आहे?' असे मी त्याला एकदा विचारले, तर उत्तर दारातून आले: "बँकेत लागेल हो सर, जागा असतात यांना."

त्याच पावसाळ्यात मी खांदा घेऊन भौतिकोपचार केंद्रात गेलो तो हे दोघे तिथे. केंद्र चालवणाऱ्या बाई तिशीच्या, मुंबईत शिकलेल्या, मोजके बोलणाऱ्या. त्या मुलाला म्हणाल्या, "काय होतं तुला?"

"याला ना, जन्मताच..." आई सुरू झाली.

"काकू, तुमचं मी नंतर ऐकते. याला विचारलं."

बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पायाचा प्रॉब्लेम आहे."

अठरा वर्षांच्या त्या हुशार मुलाला आपल्या दुखण्याचे नाव सांगता आले नाही. ते नाव त्याच्या देखत हजार वेळा उच्चारले गेले होते, पण नेहमी त्याच्या डोक्यावरून. बाईंनी त्याला कागदावर मेंदूचे चित्र काढून दाखवले, इजा कुठे, पाय का ताठरतात, शस्त्रक्रियेत काय केले. 'आता हे तू मला सांग' म्हणून परत म्हणून घेतले. मग आईला बाहेर बाकावर, माझ्या शेजारी, पाठवले.

आत काय झाले ते त्याने मला पुढे सांगितले. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पायांविषयी नव्हताच. त्यांनी विचारले, "कॉलेजात पाणी किती पितोस?" तो पाणी पीतच नव्हता. सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत एक घोटही नाही. कारण शौचालय पायऱ्या चढून, बसायचे भांडे भारतीय पद्धतीचे, धरायला काही नाही. आणि आईला आत बोलावणे अठराव्या वर्षी शक्य नाही. ही गोष्ट आईला माहीत नव्हती. वर्गात समोर उभा राहणाऱ्या मलाही नव्हती. ती आईसमोर निघालीही नसती. मुलाला एकट्याने भेटायचे ते एवढ्यासाठी.

बाहेर बाकावर त्या वेळी आई संतापलेली होती. "अठरा वर्षं या हातांनी केलं सर, आणि आता मीच परकी?" मी काय बोलणार? बाई बाहेर आल्या, त्यांनी वाद घातला नाही. आईला म्हणाल्या, "तुम्ही आत या. कंबर किती वर्षं दुखते?" ती दहा वर्षे दुखत होती. कुणी विचारले नव्हते. मूल उचलून उचलून, चटईवर वाकून वाकून धरलेली कंबर. बाईंनी तिला चार व्यायाम दिले आणि सांगितले, "पहाटेचा पाऊण तास आता तुमच्या कमरेचा. त्याचं तो करील. चुकला तर मी बघीन, तुम्ही बघायचं नाही."

पुढचे सहा महिने मी जवळून पाहिले. आधी शौचालयाच्या भिंतीला दोन लोखंडी दांड्या बसल्या. कुठल्या उंचीवर, ते त्याने स्वतः जागेवर उभे राहून लोहाराला दाखवले. मग एस.टी. बाई टेप घेऊन स्टँडवर गेल्या, उभ्या गाडीच्या पायरीची उंची मोजली आणि मुलाने तेवढ्या उंचीचा जांभ्या चिऱ्यांचा ओटा अंगणात रचवून घेतला. नियम सोपा आहे, आपल्यालाही उपयोगी: चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. रोज तीस वेळा चढ-उतार. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, भिंतीला पाठ लावून गुडघे ताठ करून उभे राहणे. वहीत त्याच्या अक्षरात नोंद.

सगळ्यात अवघड धडा समुद्रावर झाला. बाईंनी त्याला पडायला शिकवले. काठ्यांवर चालणारा माणूस केव्हा ना केव्हा पडणारच. तेव्हा काठ्या कशा सोडायच्या, डोके कसे सांभाळायचे, आणि मुख्य म्हणजे कुणी उचलायला नसताना कसे उठायचे, हे शिकायला वाळूसारखी जागा नाही. चालण्याचा सराव ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर, कारण भुसभुशीत वाळूत काठ्या रुततात; पडण्याचा मात्र भुसभुशीतच. तो पडे, उठे, पुन्हा पडे. जन्मभर ज्याला पडू दिले नाही त्याला मुद्दाम पडताना पाहणे आईला जमेना. ती सुरूच्या बनात पाठ फिरवून उभी राही.

जानेवारीत तो पहिल्यांदा एकटा एस.टी.ने आला. एस.टी.च्या मागोमाग एक मिनीडोअर होती, आणि तिच्यात आई. तिला वाटले कुणाच्या लक्षात आले नाही. कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या आले होते, मुलाच्याही. तो बोलला नाही. आठवडाभर तो एस.टी.त आणि आई मिनीडोअरमध्ये, असा प्रवास चालला. मग भाडे परवडेना म्हणून तो थांबला, असे ती म्हणते. दिव्यांगांना एस.टी.च्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत असते. मिनीडोअरमधून पाळत ठेवणाऱ्या आयांना अजून कुणी दिलेली नाही.

हे एकाच दुखण्याचे झाले. हिमोफिलियात तर आईचा हात पुरतच नाही, तो कितीही तत्पर असो. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या आत रक्त साकळू लागते तेव्हा सूज दिसण्याच्या आधी आत मुंग्या येतात, ऊब जाणवते. ती फक्त त्या मुलाला जाणवते. त्याने तेव्हाच ओळखून फॅक्टर घेतला तर सांधा वाचतो. 'आईला घरी गेल्यावर सांगू' म्हटले तर दोन-चार वर्षांत सांधा कायमचा जातो. पूर्वी या मुलांना गादीवर जपून ठेवत. आता कळले आहे की सांध्याभोवतीचे स्नायू दणकट असले तर रक्तस्राव कमी होतात, म्हणून भौतिकोपचारक त्यांना पोहायला सांगतात, रक्त थांबल्यावर हळूहळू मांडी आवळण्यापासून पुन्हा सुरुवात करून देतात. आपल्या किनाऱ्यावर पाण्याला काय तोटा? पण किती घरांत अशा मुलाला पाण्यात उतरू देतील?

इथे कुणी म्हणेल की ज्याचे हात-पाय मुळीच हलत नाहीत त्याने काय करायचे? ड्युशेनचा मुलगा बाराव्या वर्षाच्या आसपास चालायचा थांबतो आणि पुढे हातही उचलत नाही. त्याच्या बाबतीत आमचे व्याकरण पुन्हा उपयोगी पडते. प्रयोजक क्रियापद तसेच ठेवायचे, कर्ता बदलायचा. 'आई त्याला कुशीवर वळवते' याऐवजी 'तो स्वतःला कुशीवर वळवून घेतो'. म्हणजे वळवणारे हात दुसऱ्याचे, पण केव्हा, कसे, कुठे उशी ठेवून, श्वासाचा व्यायाम किती वेळ, हे सांगणारा तो. चांगला भौतिकोपचारक अशा मुलाला हेच शिकवतो: आपल्या शरीराची देखभाल दुसऱ्याकडून करवून घेण्याची भाषा. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्यासाठी त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली. मालिनी बाईंनी लंडनला जाऊन दोन विषयांत एम. ए.च्या तोडीच्या पदव्या घेतल्या, विजेच्या खुर्चीवर हिंडल्या, आणि एका बोटाने टंकन करून आत्मचरित्र लिहिले. 'वन लिटल फिंगर' असे त्याचे नाव. मदतनीस त्यांना लागतातच. पण मदतनिसाला काय करायचे ते त्या सांगतात.

मुलींचे मला अधिक काळजीचे वाटते. मुरुडच्या बाजूची एक मुलगी त्याच केंद्रात येई; लहानपणापासून सांधेदुखी, बोटांचे आणि मनगटांचे सांधे सुजलेले. ती वीस वर्षांची, बुद्धीने तल्लख, पण तिच्याबरोबर नेहमी आई, आत्या किंवा भाऊ. तिला बाईंनी एकटे बोलवायचा शब्द काढताच घरच्यांनी येणे बंद केले. 'स्थळे पाहतो आहोत, उगाच नाव व्हायला नको' हे कारण मला त्या भावानेच सांगितले. मुलाला एकटे पाठवण्यात धाडस दिसते, मुलीला पाठवण्यात निष्काळजीपणा. लग्नानंतर सासरी सकाळी बोटे उघडत नाहीत तेव्हा काय करायचे, हे तिला कुणी शिकवायचे होते?

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी अठरावा वाढदिवस उजाडण्याची वाट पाहू नये. बाराव्या-तेराव्या वर्षी एक व्यायाम तरी त्याच्या जिम्मेवारीवर द्यावा आणि तो चुकला तर चुकू द्यावा. तपासणीत निम्मा वेळ त्याला एकट्याला बोलू द्यावे. रुग्णालयाची फाईल, शस्त्रक्रियेची तारीख, औषधांची नावे ही आईच्या कपाटातून त्याच्या कपाटात जावीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, तिच्यात भौतिकोपचाराचाही खर्च बसतो, आणि अठरानंतरही ती चालू राहते. आमच्या भागात ती ठाऊक असलेली घरे मला दोनच भेटली.

आमचा विद्यार्थी आता दुसऱ्या वर्षाला आहे. बँकेचे त्याच्या मनात नाही. त्याला इतिहासात एम. ए. करायचे आहे, आणि त्यासाठी मुंबईला राहायचे आहे. मराठी सोडून इतिहास का, हा प्रश्न मी गिळला. वसतिगृहाचा जिना किती पायऱ्यांचा आहे हे त्याने पत्र पाठवून विचारले आहे.

गेल्या परीक्षेच्या वेळी त्याने तीन आठवडे व्यायाम केलाच नाही. गुडघा पुन्हा आखडला, चालताना दिसू लागला. बाईंनी त्याला फैलावर घेतले आणि वहीची कोरी पाने त्याच्यासमोर धरली. मी नंतर काकूंना विचारले, तुम्हांला दिसत नव्हते का? "पहिल्याच दिवशी दिसलं," त्या म्हणाल्या. "पहाटे जाग यायची. मग स्वयंपाकघरात जाऊन कंबरेचे व्यायाम करायची, दार लावून."